हिरव्या दोऱ्याचे फडके

मित्रांनो, मी एक जुने फडके आहे. निदान आज तरी आहे. आधी मी चादर होते, त्याच्याही आधी म्हणे कापूस होते, आणि मधले काही महिने तर मी कोणत्या कामाचे फडके आहे हे माझे मलाच सांगता येत नव्हते. तेव्हा माझी कहाणी वाचताना तुम्ही कुठे गोंधळलात, तर लाजू नका. मी अजूनही अधूनमधून गोंधळते.

माझ्या अंगावर मधोमध एक भोक आहे. घरातल्या बबडीचा हात आरपार जातो, एवढे मोठे. पाहुणे मला बघून नाक मुरडतात आणि म्हणतात, "हे अजून टाकलं नाहीत?" त्यावर घरातली माणसे एकमेकांकडे बघून हसतात. ती का हसतात, तेच सांगायला मी बसले आहे.

कापसाचे दिवस मला आठवत नाहीत. आठवते ते आजींच्या मोठ्या पलंगावरचे आयुष्य. तेव्हा मी पांढरीशुभ्र चादर होते आणि मला मोठा मान होता. कोणी ओल्या पायांनी माझ्यावर चढले, तर आजी घर डोक्यावर घेत. मग हळूहळू मी विरत गेले. एकदा ठिगळ लागले, पुन्हा लागले. एका दुपारी आजींनी मला खिडकीसमोर धरले, तर माझ्यातून समोरची इमारत दिसू लागली. "झालं हिचं," आजी म्हणाल्या. पण आजींच्या घरात 'झालं' म्हणजे संपले असे नसते. त्यांनी कात्री आणली, टर्रकन मला फाडले, आणि एका चादरीची आम्ही बरीच भावंडे झालो. त्या सगळ्या तुकड्यांतला नेमका मी कोणता, आणि बाकीचे म्हणजेही मीच का, हा प्रश्न मला तेव्हा पडला. तो अजून सुटलेला नाही.

आजी शिस्तीच्या फार पक्क्या. "जे फडकं फरशीला लागलं, ते ओट्याला लागायचं नाही. जे ओट्याला लागलं, ते आरशाला लागायचं नाही," असे त्या येईल त्याला ऐकवत. आम्हा भावंडांची सरमिसळ होऊ नये, म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे चार टाके घातले. सुईत दोरा त्या चष्म्याशिवाय ओवत, एका झटक्यात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे. लाल दोरा न्हाणीघर आणि संडासाच्या फरशीला, निळा स्वयंपाकाच्या ओट्याला, आणि हिरवा काचा, आरसे आणि नळांना. मला हिरवा दोरा मिळाला. मी खूश झाले. आरशाचे काम मिळणे म्हणजे रोज आपले तोंड बघायला मिळणे.

तीच शिस्त बाटल्यांना. आजी सामान घाऊक आणत आणि सरबताच्या दोन रिकाम्या, सारख्याच बाटल्यांत ओतून ठेवत. एकीत व्हिनेगर, दुसरीत संडास धुवायचे अ‍ॅसिड. ओळखू यावे म्हणून उरलेल्या तैलरंगाने त्यांनी झाकणे रंगवली होती, व्हिनेगरचे हिरवे आणि अ‍ॅसिडचे लाल. घरात आजी एकट्याच होत्या, त्यामुळे हा कायदा मोडणारे कोणी नव्हते.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. नळाच्या तोंडाशी खाऱ्या पाण्याचा पांढरा थर धरला की आजी मला व्हिनेगरमध्ये बुडवून नळाभोवती गुंडाळत आणि दुपारभर तसेच ठेवत. संध्याकाळी नुसते फिरवले की थर निघे. आरशावर डाग पडले की आधी ओले मी आणि मागून कोरडा कागद. बरणीचे झाकण घट्ट बसले की मला त्याभोवती धरून पिळायचे. दाराची बिजागरी करकरली की तेलाचा थेंब सोडून ओघळ माझ्याकडून टिपायचा. एकदा मोरीखालचा पाइप गळायला लागला, तेव्हा प्लंबर येईपर्यंत मीच त्याला मिठी मारून बसले होते. "या फडक्यासारखं फडकं नाही," असे आजी शेजारणीला सांगत. मी ऐकून फुगत असे. अर्थात पाण्यानेही फुगत असे, त्यामुळे नक्की कशाने ते सांगता येणार नाही.

मग एक दिवस आजींची लेक, जावई आणि नात असे तिघे सामानासकट आले. जावई पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. तो कारखाना बंद पडला होता. लेक इस्पितळात नर्स होती आणि आता तिच्याच पगारावर सगळ्यांचे चालायचे होते. तेव्हा ठरले असे की लेकीने नोकरी करायची, आणि घरातले काम व चार वर्षांची बबडी जावयांनी बघायची. आजी त्यांना 'जावईबापू' म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणते.

माणूस हाताचा मोठा गुणी. आल्या आल्या त्यांनी टपकणाऱ्या नळाचा वायसर बदलला. कपाटाचा अडकणारा खण बाहेर काढून त्याच्या कडांना साबण चोळला, तर तो लोण्यासारखा सरकायला लागला. करपलेल्या भांड्यात सोडा आणि पाणी उकळून त्यांनी त्याचे बूड असे काढले की आजींनी ते भांडे उलटेसुलटे करून पाहिले आणि ओठ मुडपून म्हणाल्या, "बरं निघालंय." आजींच्या तोंडून 'बरं' निघणे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडची शाबासकी.

पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून कळेना. जावईबापू मला उचलले की आधी नाकाशी नेत. एक दीर्घ श्वास घेत, आणि मगच कामाला लागत. माझ्या लाल दोऱ्याच्या बहिणीलाही तसेच. आजवर कोणी मला असे हुंगले नव्हते. माणसे तान्ह्या बाळाचे डोके हुंगतात हे मी चादर असताना पाहिले होते. तेव्हा मी विचार करून करून एकच अर्थ काढला, की या माणसाला माझा लळा लागला आहे. पण मग त्या लाल बहिणीचाही कसा लागला? तिचा वास तर फिनेलचा! मला थोडा मत्सर वाटला, खोटे कशाला बोलू.

आणि मग सोमवारचा घोळ सुरू झाला.

दर रविवारी आजी आम्हा सगळ्यांना धुण्याच्या सोड्यात उकळत, उन्हात कडक वाळवत आणि घडी करून एका टोपलीत ठेवत. सोमवारी सकाळी जावईबापूंनी टोपलीत हात घातला, मला उचलले, हुंगले, लाल बहिणीला हुंगले, पुन्हा मला हुंगले, आणि मला घेऊन थेट संडासात गेले. मी मनात ओरडले, अहो, मी हिरवे! मी आरशाचे! पण फडक्याचे ऐकतो कोण? तिकडे माझी बहीण हॉलमधल्या आरशावर फिरली.

आजींनी पाहिले मात्र, त्यांचा पारा चढला. "जावईबापू, अहो, हे काय? संडासाचं फडकं आरशाला?"

"चुकलं, आई. लक्ष नव्हतं."

"दोरा कशाला घातलाय मग मी? शोभेला?"

जावईबापूंनी दोन्ही फडकी धुतली, अदलाबदल केली आणि आरसा पुन्हा पुसला. मंगळवारी सगळे ठीक झाले, बुधवारीही. पुढच्या सोमवारी पुन्हा मी संडासात. कधी बरोबर, कधी चूक, पण चूक झाली की हमखास सोमवारी. आजी म्हणत, "सोमवार उजाडला की यांना काय होतं कोण जाणे." लेक म्हणे, "अरे, जरा बघून घेत जा ना." मी तर पार चक्रावून गेले. मला कळेना, मी आरशाचे की फरशीचे? माझा दोरा खरा की सोमवार खरा? आठवडाभर लाड करणारा माणूस सोमवारी आपल्याला ओळखत का नाही?

जावयाचे प्रकरण म्हणजे अवघड जागेचे दुखणे. रागवावे तर तो जावई, गप्प बसावे तर घर बिघडते. आजी मधल्यामध्ये धुमसत राहिल्या. त्यांनी एक सोपा निष्कर्ष काढला, की आपण सासुरवाडीत राहतो याचा राग हा माणूस फडक्यांवर काढतो. शेजारणीला त्या तसे बोलल्याही. जावईबापू तेव्हा बाहेर गॅलरीत मला पिळत होते. त्यांनी ते ऐकले. मला जरा जास्तच जोरात पिळले गेले, एवढेच.

अशातच एका सकाळी फोन आला. आजींची धाकटी बहीण पडली होती. कमरेचे हाड मोडले होते आणि ती एकटीच राहत होती. ती इस्पितळातून घरी आली की आजींना तिच्याकडे जाऊन काही महिने तरी राहावे लागणार होते. म्हणजे मागे घर आणि दिवसभर बबडी, दोन्ही जावईबापूंच्या हाती. आजींच्या कपाळावर आठी पडली, पण त्या म्हणाल्या, "बघू. तयारीला तरी लागते."

आजी निश्चिंत मनाने निघाव्यात म्हणून जावईबापूंनी घर लख्ख करायचे मनावर घेतले. त्या दिवशी त्यांना भयंकर सर्दी झाली होती. नाक चोंदलेले, डोळे पाणावलेले, शिंकांवर शिंका. तरी ते बेसिनपाशी आले. तिथे आजींनी हौसेने नवा चकचकीत नळ बसवून घेतला होता आणि त्याच्यावर पांढरा थर धरू लागला होता. जावईबापूंनी कपाटातून एक बाटली काढली, झाकण उघडून नाकाशी धरली. मग दुसरी धरली. मग पुन्हा पहिली. त्यांना काहीच वास येत नव्हता. बबडी झोपली होती, आजी फोनवर होत्या. त्यांनी क्षणभर दोन्ही झाकणे उजेडात धरली, मान हलवली, एक बाटली निवडली आणि तिच्यातले थोडे माझ्यावर ओतले.

मित्रांनो, ते व्हिनेगर नव्हते. ते अ‍ॅसिड होते. माझ्या अंगाची आग आग झाली. त्यांनी मला नळावर फिरवले आणि त्या नळाची चमक डोळ्यांदेखत गेली, तो काळपट, खवल्याखवल्यांचा झाला. त्यांची बोटे चुरचुरायला लागली, तेव्हा त्यांना चूक कळली. त्यांनी मला खाली टाकले, खिडकी सताड उघडली, पाण्याचा नळ सोडून हात धरला. आणि खोकत खोकत मागे वळले, तर दारात झोपेतून उठलेली बबडी उभी. "बाबा, मी पण पुसू?" ती म्हणाली आणि मला उचलायला खाली वाकली. जावईबापूंनी झेप घेऊन तिला उचलले. तेवढ्यात आजी आल्या.

त्यांनी नळ पाहिला, बाटली पाहिली, बबडीकडे पाहिले. आधी त्यांनी जावयाच्या हातावर थंड पाण्याची धार धरली, हे मी सांगितलेच पाहिजे. बोलल्या त्या नंतर, संध्याकाळी लेक कामावरून आल्यावर.

"जो माणूस अ‍ॅसिड आणि व्हिनेगर ओळखत नाही, त्याच्या भरवशावर मी पोर टाकून जाऊ?"

"आई, एकदा चुकलं त्याचं."

"एकदा? दर सोमवारी चुकतं! आज नळ गेला. उद्या पोरीच्या डोळ्यात काही गेलं म्हणजे?"

लेक नवऱ्याकडे वळली. "तू बोल ना काहीतरी. लाल झाकण, हिरवं झाकण, इतकं सरळ आहे. कसं चुकलं?"

"लक्ष नव्हतं," जावईबापू म्हणाले. त्यांचे डोळे सर्दीने लाल झाले होते, की आणखी कशाने, ते मला समजले नाही.

"मग मी नोकरी सोडते," लेक म्हणाली. "मावशीला तर आईची गरज आहे. बबडीला कोणीतरी हवंच. दुसरं काय करणार?"

नोकरी सुटली तर हे घर चालणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होते. मी ओले होऊन बादलीच्या काठावर पडले होते. माझ्या मनात आले, हे सगळे माझ्यामुळे तर झाले नाही? मी नळावर फिरायला नको होते का? पण फडक्याला 'नको' म्हणता येते का? मला काहीच समजेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी मला भरपूर पाण्यात खळबळून धुतले. पिळायला गेले, तर माझ्या मधोमध कापड नुसते विरून हातात आले. हेच ते भोक. आजी म्हणाल्या, "टाका ते आता," आणि जुन्या चादरीच्या उरलेल्या तुकड्याला हिरवा दोरा घालून त्यांनी माझ्या जागी नवे फडके केले. पण जावईबापूंनी मला टाकले नाही. त्यांनी मला दोरीच्या टोकाला वाळत घातले. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर मी असे कोपऱ्यात लटकत राहिले. वाऱ्याने हलले की भोकातून शीळ घालायचे, तेवढेच माझे काम. उपेक्षा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

पण गंमत पुढेच आहे. नव्या फडक्याला बाजूला ठेवून जावईबापू पुन्हा मलाच घेऊ लागले. आरसा असो, खिडकी असो, ते गॅलरीत येत, मला खेचत आणि चालू लागत. आणि मित्रांनो, ते मला आता हुंगत नव्हते! रविवारी सगळ्यांबरोबर मीही उकळले गेले, आणि सोमवारी त्यांनी टोपलीत नुसता हात घातला, बोटाला भोक लागले, आणि मला बरोबर आरशापाशी नेले. आजी दाराआडून बघतच होत्या. त्या सोमवारी काही चुकले नाही. मला मात्र वाईट वाटले. लळा संपला, मी मनाशी म्हणाले. भोक पडलेल्याला कोण हुंगणार?

आजींना स्वतःशी बोलायची सवय आहे, म्हणून त्यांच्या डोक्यात काय चालले होते ते मला ऐकायला मिळाले. "या भोकवाल्यात चुकत नाहीत," त्या पुटपुटल्या. "हे कसं काय?" दुसऱ्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम काढून आपल्या उशीखाली ठेवले. चादर असतानाच्या जागी मी परत आले, पण आता उशीखाली, लपवून. का लपवले, ते मला कळेना. सोमवारी दार किलकिले करून त्या बाहेर बघत बसल्या, आणि उशीच्या कडेखालून मीही. जावईबापूंनी टोपली चाचपली. भोकवाले फडके नव्हते. त्यांनी नवे हिरवे काढले, लाल काढले. हुंगले. दोघांनाही सोड्याचा आणि उन्हाचा तोच वास. मग ते दोन्ही फडकी घेऊन बबडीसमोर बसले.

"बबडे, यातलं तुला कोणतं आवडतं?"

"लाल!"

"मग लाल तू दाखव बरं."

बबडीने दाखवले. ते त्यांनी संडासासाठी ठेवले आणि दुसरे आरशासाठी घेतले. आजींनी दार हळूच लावून घेतले. त्या पलंगावर येऊन बसल्या. मग त्यांनी शिवणाचा डबा काढला आणि हाक मारली, "जावईबापू, यातलं हिरवं रीळ तेवढं देता का काढून? मी इथे पसारा मांडून बसलेय."

जावईबापू आले. डबा उघडा होता, आत रिळे ओळीने मांडलेली. त्यांचा हात रिळांवरून पुढे गेला, मागे आला. "तुम्हीच घ्या, आई," ते म्हणाले, "माझे हात ओले आहेत."

हात कोरडे होते. मी उशीखालून पाहिले आणि आजींनीही पाहिले. "बरं," एवढेच त्या बोलल्या.

ते गेल्यावर आजी मला हातात घेऊन म्हणाल्या, "अगं बाई! या माणसाला लाल-हिरवं कळतच नाही. वासावर चालतोय बिचारा. रविवारी मी वास घालवते आणि सोमवारी मीच ओरडते!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "आणि सारख्या बाटल्या तरी कोणी ठेवल्या? मीच ना शहाणीने!"

म्हणजे तो लळा नव्हता, मित्रांनो. माझा वास ही त्यांची खूण होती. खरे सांगते, हे ऐकून मला आधी रडू आले, मग हसू आले, आणि मग काय यावे हेच कळेना.

आजींनी त्या दुपारी कामाला बसल्या बसल्या सगळे दोरे उसवले. संडासाच्या फडक्याच्या कोपऱ्याला त्यांनी मोठी गाठ मारली. ओट्याच्या फडक्याला दोन गाठी मारल्या. माझ्याकडे पाहिले, भोकातून बोट घालून हसल्या, आणि म्हणाल्या, "तुला काही नको. तुझी खूण तूच." मग त्यांनी बाजारातून अ‍ॅसिडची नवी बाटली आणली, तिच्या मूळच्या, धोक्याच्या चिठ्ठीच्या बाटलीतच ठेवली, तिला गळ्यापासून बुडापर्यंत खरखरीत सुतळी गुंडाळली आणि बबडीचा हात पोहोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवली. जुनी सरबताची बाटली त्यांनी रिकामी करून फेकून दिली.

संध्याकाळी लेक आली. तिने फडकी पाहिली. "आई, हे गाठींचं काय नवीन?"

आजींनी मान वर केली नाही. "माझे डोळे अधू झालेत गं आता. दोऱ्यांचे रंग कळत नाहीत मला. हाताला गाठ लागली की बरं पडतं." आणि हे बोलता बोलता त्यांनी सुईत दोरा ओवला. चष्म्याशिवाय, एका झटक्यात.

आजी खोटे का बोलल्या, मला क्षणभर काही उमजले नाही. जावईबापू मात्र दारात थबकले. ते आजींच्या हातातल्या सुईकडे बघत राहिले. मग आत येऊन खाली बसले.

"आई, डोळे तुमचे अधू नाहीत," ते म्हणाले. "माझे आहेत. मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. जन्मापासून."

"हे कधी सांगितलं नाहीस तू मला?" लेक म्हणाली.

"शाळेत चित्राच्या तासाला मी झाडाची पानं लाल रंगवली होती. वर्ग हसला, बाईही हसल्या. मग घरी आईने सांगितलं, कोणाला बोलू नकोस, लोक पांगळा समजतील. तेव्हापासून मी विचारायचंच सोडलं. वासावर, जागेवर, कुणाला तरी बोलतं करून भागवायचो. सर्दीने घात केला." त्यांनी बबडीकडे पाहिले. "त्या दिवशी हिने फडकं उचललं असतं तर... आई, तुम्ही मला या घरात राहू नका म्हणालात, तरी मी राग धरणार नाही."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे लग्नाआधीपासून तू मला सांगतोस, हा रंग तुला खुलून दिसतो! तो कोणता रंग ते तरी माहीत होतं का?"

"रंग नव्हता माहीत," जावईबापू म्हणाले. "खुलून दिसत होतीस, ते दिसत होतं."

आजी खळखळून हसल्या. त्या घरात त्यांना इतक्या मोठ्याने हसताना मी प्रथमच ऐकले. मग त्या गंभीर झाल्या. "जावईबापू, रंग दिसत नाहीत हा दोष नाही. पण न सांगता अ‍ॅसिड हातात घेणं हा दोष. यापुढे शंका आली की विचारायचं. सासूला विचारायचं, बायकोला विचारायचं, बबडीला विचारायचं. कमीपणा नाही त्यात. आणि मीही आधी विचारीन, मग ओरडेन." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "ओरडेन मात्र नक्की."

त्या आठवड्यातच आजी बहिणीकडे निघाल्या. लेकीने नोकरी सोडली नाही. काळवंडलेला नळ जावईबापूंनी स्वतः बदलला. पान्याचे दात नव्या नळाला लागून ओरखडा उठू नये म्हणून मधे मला गुंडाळले होते, आणि त्या कामाचा मला आजही अभिमान आहे. निघताना आजींनी घराच्या किल्ल्या जावईबापूंच्या तळहातावर ठेवल्या. आधी त्या बबडीच्या गालावरून हात फिरवून आल्या होत्या. "सांभाळा दोन्ही," एवढेच म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

तर मित्रांनो, अशी ही माझी कहाणी. मी एक साधे, फाटके फडके. तुम्हाला शहाणपण शिकवायची माझी लायकी नाही, आणि माझा स्वतःचाच गोंधळ संपलेला नाही, तेव्हा शिकवू तरी काय? पण हात जोडता आले असते तर जोडून सांगितले असते. आम्हाला काम झाल्यावर धुवा, उन्हात वाळवा, ओलेच कोपऱ्यात कोंबू नका. अ‍ॅसिड दुसऱ्या बाटलीत ओतू नका आणि लहानांच्या हाताशी ठेवू नका. आणि तुमच्या घरात कोणी पुन्हा पुन्हा तीच चूक करत असेल, तर त्याला ओरडण्याआधी एकदा विचारा, आपण घातलेली खूण त्याला दिसते का?

आजी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. जावईबापूंनी टोपलीत हात घातला. बोटाला माझे भोक लागले. आता हुंगायची काही गरज नव्हती, माझी खूण त्यांना कळली होती. तरीही त्यांनी मला उचलून नाकाशी धरले, डोळे मिटले आणि एक दीर्घ श्वास घेतला. का, ते मला कळले नाही. मीही विचारले नाही.